पाचवं शील

माझा भाऊ यशपाल लिव्हरनं गेला. एवढं सांगितलं की पुढचं लोक आपापलं जोडून घेतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात तो मागावर होता. अंगानं काटकुळा. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही त्यानं. चहाचा तेवढा शौकीन, तोही बशीत ओतून, फुर्र आवाज करत.

तो गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला सिद्राममामा बोलायला उठले. आमच्या मामांच्या हातात माईक गेला की परत मिळवायला दोन माणसं लागतात. "पाचवं शील नुसतं तोंडानं म्हणू नका," ते गरजले. "दारू माणसाचं काय करती, ते ह्या फोटोकडं बघून शिका!"

फोटो यशपालचा. माझी आई, मीनाबाई, पहिल्या रांगेत बसली होती. त्या दिवसापासून तिला घास गोड लागला नाही. लेक गेल्याचं दुःख होतंच, पण तो बेवडा म्हणून गेला, हे तिला गिळता येईना.

मी डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली. पेशंट कधीही दारू पीत नव्हता, असं साफ लिहिलेलं. मामांनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

"डागदर काय, म्हणशील ते लिवून देतील. छापून आलंय का कुटं? छापील दाव, स्मृतिदिनाला मीच माईकवर वाचतो."

आईनं तेच धरून ठेवलं. मला म्हणाली, "धम्मप्रिया, चल डागदरीनबाईकडं. छापाय सांगू."

यशपालवर उपचार करणाऱ्या डॉ. इंद्रायणींवर माझा राग होता. माणूस वाचला नाही की कुणावर तरी रागवावं लागतं, तसा. त्यांच्या केबिनबाहेर त्यांच्या शोधनिबंधांची यादी फ्रेम करून लावलेली, सगळे लिव्हरच्या आजारांवरचे. एवढं लिहूनही माझा भाऊ गेलाच की, असं मनात आलं. आमचं म्हणणं ऐकून त्या म्हणाल्या, "मावशी, ते छापून आलंय. यादीतला शेवटचा निबंध यशपालवरच आहे. अंगानं बारीक, दारूला न शिवलेल्या माणसाचंही लिव्हर चरबीनं कसं निकामी होतं, त्याबद्दल."

त्यांनी प्रिंट काढून दिली. आईनं कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि माझ्यापुढं धरला.

"येशपाल कुटं हाय यात?"

मी इंग्रजी वाचून तिला मराठीत सांगत गेले. "पुरुष. वय त्रेचाळीस. यंत्रमाग कामगार. दारू कधीही घेतलेली नाही."

"आन् नाव?"

"नाव छापत नाही आम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "पेशंटची बदनामी होऊ नये म्हणून तसा नियम आहे."

मला हसू आलं. फार वाईट हसू होतं ते. "बदनामी होऊन गेली, मॅडम. आता नावच पायजे होतं."

 डॉक्टर हळूच म्हणाल्या, "मी परवानगी मागितली तेव्हा यशपाल म्हणाले होते, लिवा की मॅडम, लोकांना कळंल तरी."

आईनं कागदाची घडी केली नाही. रिक्षात तो मांडीवर तसाच पसरून बसली.

मामांनी चष्मा लावून प्रिंट शेवटपर्यंत वाचली. रिटायर्ड कारकून, इंग्रजी येतं त्यांना. "चांगलं लिवलंय," ते म्हणाले. "पण नाव न्हाय की यात. कुणीबी असंल." कुचकेपणानं म्हणाले असते तर मी भांडले तरी असते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

स्मृतिदिनाला हॉल भरला. फोटोला हार घातला, मेणबत्त्या लागल्या. पंचशील सुरू झालं. भंतेजी एकेक शील सांगायचे, मागोमाग सगळे म्हणायचे. पाचवं आलं, दारूपासून दूर राहण्याचं, आणि माना नकळत फोटोकडं वळल्या. गेल्या वर्षीसारख्याच.

शील म्हणून झालं, सगळे थांबले. आई थांबली नाही. हात जोडून तिनं पाचवं शील पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. एकटीनं, मोठ्यानं, एकही शब्द न गाळता. भंतेजींनी तिला म्हणू दिलं.

मामा वाकून कुजबुजले, "आक्का, झालं की म्हणून."

"माझं झालं," आई म्हणाली. "ह्ये येशपालचं. त्येला आता म्हणता येत न्हाय."