आधीचं सुटेपर्यंत

बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर तिला मिळालेलं हे पहिलंच मोठं काम. ती राहायची त्याच वसाहतीतल्या चारशे घरांत इंटरनेटच्या तारेतून टीव्ही पोचवायचा होता, तोही शनिवारच्या अंतिम सामन्याआधी. चित्र अडकलं तर तिची रवानगी पुन्हा तक्रारींच्या फोनवर. हे साहेबांनी हसत हसत सांगितलं, पण त्यांचं हसणं ती ओळखून होती.

साहेबांना मागे सगळे ‘गुणाकार’ म्हणत. दिसेल त्याला दिसेल त्याने गुणायचे.

“चारशे घरं, एका चॅनेलला सेकंदाला आठ मेगाबिट, झाले बत्तीसशे. आपली मुख्य तार हजाराची. गणित सोडलंस का गं?”

“सर, घरं नाही, चॅनेल मोजायचे. एक चॅनेल मुख्य तारेतून एकदाच येतो. वसाहतीतल्या पेटीत त्याच्या प्रती निघतात. साठ चॅनेल, चारशे ऐंशी.”

“आणि घरापुरतं?”

“दोन टीव्ही, सोळा. मी वीस धरलेत.”

“बरं. सही तुझी.”

संध्याकाळी सासूबाई लेकीला भरवत होत्या. लेकीच्या एका मुठीत चमचा. दुसरा दाखवला, तर दुसऱ्या मुठीत तोही. पहिला सोडायचं नाव नाही.

“अगं, आधीचा सोड की! हावरट कुठली. आईवर गेलीय.”

तिचा घास हातातच राहिला. टीव्हीचंही हेच! चॅनेल बदलला की नवा लगेच येतो, पण जुना दोन-तीन सेकंद वाहतच राहतो. घरात दुसरं कुणी तोच बघत नाही ना, याची पेटी आधी खात्री करते. दोन्ही टीव्ही एकदम बदलले, तर तेवढ्या वेळात घराच्या तारेवर दोन नाही, चार चॅनेल. बत्तीस, आणि मी धरलेत वीस. आणि जाहिरात लागली की घरोघरी रिमोट एकदमच उचलला जाणार.

सकाळी पर्स खांद्यावरून न काढताच ती साहेबांसमोर उभी राहिली. “सर, माझं चुकलं.” सगळं सांगितलं.

“मग पेटीला सांग, बदलला की जुना तत्काळ तोड.”

“बाहेर आजोबांनी चॅनेल बदलला की आत आजींचा सामना बंद पडेल, सर. या वयात घटस्फोट नको.”

साहेब हसले. हे हसणं वेगळं होतं.

“घराची मर्यादा चाळीस करते. मुख्य तारेत साठही चॅनेल आधीच धरलेत, तिथे फरक नाही.”

“म्हणजे शेवटी गुणाकार लागलाच!”

“लागला. पण चारने. चारशेने नाही.”

शनिवारी पहिली जाहिरात लागली तेव्हा ती पेटीच्या खोलीत आलेखाला डोळे लावून होती. घरांच्या रेघा चोवीसवर, बत्तीसवर उडाल्या, सोळावर बसल्या. इतक्यात फोन वाजला. पहिली तक्रार, असं धरूनच तिने तो उचलला. सासूबाई होत्या.

“अगं, हिने रिमोट पळवलाय. सारखी बटणं दाबतेय, सोडतच नाही!”

“चित्र अडकतंय का?”

“अडकत नाही गं, पण मला सामना कुठे बघू देतेय?”

“आई, जरा राहू द्या तिच्याकडे,” ती म्हणाली आणि खुर्चीत टेकून बसली.