त्र्यंबकसरांची सीडी आणि खंडेनवमीचा पेढा

औंढ्याच्या कैलासनं हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. लोणावळ्यात त्र्यंबकसरांच्या खुर्चीमागे उभा राहून तो पुन्हा म्हणाला, "सर, दोन अंक आमी पोरांनी पाठ केल्यात. जत्रा उद्यावर आली. खून कुनी केला त्ये अजून कुनालाच म्हाईत न्हाई."

"मला तरी कुठे आठवतंय?" सर करवादले.

नाटक सरांचंच, पण कधीकाळी लिहिलेलं. ज्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं, ते जुन्या कॉम्प्युटरबरोबर वारलं. नव्यावर फाइल उघडली तर नायकासकट सगळेच चौकोन. म्हणून जुनी सीडी घातली, तर ती लायसन्स नंबर मागत बसली. नंबर सीडीच्या डबीवर चिकटवलेला, आणि त्याच्यावर सरांच्या पत्नी अरुंधतीबाईंची भक्ती.

दर खंडेनवमीला बाई पाटावर डबीच मांडायच्या. "कॉम्प्युटर म्हणजे नुसतं खोकं. खरं हत्यार हे," म्हणत हळदकुंकू लावायच्या, वर नैवेद्याचा पेढा दाबून बसवायच्या. थर इतका चढलेला, की त्यात एका लग्नाची हळद उरकली असती.

ओलं फडकं लावावं तर कागदच निघून यायचा. सरांनी अंदाजानं नंबर घातले. कॉम्प्युटर म्हणाला, चूक. परत चूक. कंपनीला फोन लावला, तर तो नंबर आता कुठल्याशा रिसॉर्टचा; पलीकडची मुलगी विचारू लागली, रूम पूलसमोरची हवी की दरीसमोरची.

"अरुंधती, या डबीचं काय करून ठेवलंयस तू?"

"पूजेला नावं ठेवू नका."

सरांनी डबी खिडकीत आदळली. तेवढंच निमित्त झालं. खंडाळ्याचं एक वानर, पर्यटकांच्या चिक्कीवर पोसलेलं, गजांतून हात घालून डबीसकट आंब्यावर गेलं आणि चाटू लागलं. मागच्या खंडेनवमीपासून सुरुवात केली, ते थेट पहिल्या खंडेनवमीपर्यंत पोचलं. कागदाची चव लागली तेव्हा तोंड वाकडं करून त्यानं डबी अंगणात फेकली.

नंबर लख्ख. कैलासनं डबी उचलून आणून वाचला, सरांनी टाइप केला, आणि तिसरा अंक अक्षरांत आला. कैलास वाकून शेवटाकडे गेला.

"म्हंजे खून मीच केला व्हय?"

"बघा," अरुंधतीबाई म्हणाल्या, "नैवेद्य दाखवत होते म्हणून निभावलं."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. आंब्यावर वानर अजून ओठ चाटत बसलं होतं. त्यांनी डबी बाईंपुढे धरली.

"लाव. पण या खंडेनवमीला पेढा जरा मोठा आण."