गार इंजिन

जुना ट्रॅक्टर घ्यायचा तर आधी इंजिनाला हात लावून पाहावा. गार असेल तर पुढचं बोलावं. गरम असेल तर चहा पिऊन सरळ घरी यावं. रंभाजीला हे कुणी शिकवायला नको होतं. साखर कारखान्याच्या शेतीवर त्याने बरीच वर्षं ट्रॅक्टर चालवला होता. रातभर उभं राहून गार पडलेलं इंजिन सकाळी कसं उठतं, कुरकुरतं की पटकन बोलतं, धूर काळा टाकतं की निळा, यावरून त्याला पोटातलं सगळं कळे. एकदा गरम केलेलं इंजिन काय, कसलंही असलं तरी सुरू होतं आणि शहाण्यासारखं चालतं.

पण हा ट्रॅक्टर व्याह्याचा होता, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

मुळा नदीच्या कालव्याचं पाणी रंभाजीच्या राहुरीकडच्या रानापर्यंत येऊन ठेपलं होतं. ऊस लावायचा तर रान सपाट करायला हवं होतं, आणि ते काही बैलांचं काम नव्हतं. नव्या ट्रॅक्टरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं बसले होते. इकडे पाथर्डीच्या बाजूला त्याचे व्याही आप्पासाहेब यांचा लाल ट्रॅक्टर, पाऊसच नाही म्हणून दोन वर्षं रानात न जाता नुसत्या पाण्याच्या खेपा घालत होता. ते तो विकणार असं कानावर आलं मात्र, रंभाजीच्या बायकोने, सुमनबाईने, नवऱ्याला न विचारता परस्पर निरोप धाडून दिला, “दुसऱ्या कुनाला देऊ नका, आमच्या ह्यांना पायजे.” झालं. आता बघायला जाणं आलं. आणि घ्यायचा म्हणजे दावणीची खिलार जोडी घोडेगावच्या बाजारात उभी करणं आलं. बैल गेले आणि ट्रॅक्टर बंद पडला, तर कालव्याचं पाणी बांधावर येऊन रंभाजीच्या पडीक रानाकडे बघत बसणार होतं. या विचाराने त्याला घास गोड लागत नव्हता.

पहिल्या खेपेला तो एसटीतून उतरला तेव्हा आप्पासाहेबांच्या दारात ट्रॅक्टर आधीच धडधडत होता. वर झेंडूची माळ. रंभाजीने बोलता बोलता सहज म्हणून इंजिनावर हात टेकला आणि चटका बसून मागे घेतला. “मगापासनं चालूच हाय,” आप्पासाहेब हसून म्हणाले, “पाव्हनं यायचं म्हनल्यावर तयार नको ठिवायला?” आता याला काय उत्तर देणार? मुलीच्या बापाने व्याह्याला ‘तुम्ही हे गरम का केलंत’ म्हणून विचारायचं? रंभाजी पुरणपोळी जेवला आणि परत आला.

दुसऱ्या खेपेला त्याने धीर केला. “जरा बंद करता का? निवू द्या,” म्हणाला. “हां हां, निवू द्या की,” म्हणत आप्पासाहेबांनी लगेच बंद केला. पण तेवढ्यात विहीणबाई रतनबाई ताटं मांडून बोलवायला आल्या. मटण होतं. नको म्हणायची सोय नव्हती, आणि भराभर उरकायचीही नव्हती, कारण आग्रह म्हणजे आग्रह. रंभाजी तोंडात घास घेऊन कान बाहेर लावून बसला होता. त्याचा शेवटचा भात व्हायच्या आत आप्पासाहेब उठून बाहेर गेले आणि पुन्हा धडधड सुरू झाली. त्याला ताटावरून उठून डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. उलट तो म्हणाला, “रस्सा झकास झाला हाय.”

घरी आल्यावर त्याने सगळा राग सुमनबाईवर काढला.

“अवो, पन तुमी तोंडानं सांगा की, मला गार बघायचाय म्हनून!”

“सांग तूच! तुझी पोर हाय त्यांच्या घरात. म्हन की, आमचा तुमच्यावर इस्वास न्हाई!”

सुमनबाई भाकरी थापायला वळली. कळवून गेलं की इंजिन गरम, आणि न कळवता व्याह्याच्या दारात जायची रीत नाही. रंभाजी चार दिवस चरफडत राहिला आणि मग त्याने रीत मोडायची ठरवली. आदल्या संध्याकाळी पाथर्डीची एसटी धरली, स्टँडवरच्या बाकावर अंग टाकलं आणि तांबडं फुटायच्या सुमाराला चालत आप्पासाहेबांचं गाव गाठलं. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली, धोतर चुरगळलेलं. आपण कसे दिसतोय याचा विचार त्याच्या मनातसुद्धा आला नाही. इंजिन गार असेल, एवढाच आनंद.

रतनबाई अंगणात सडा टाकत होत्या. त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांच्या हातातली बादली खाली पडली.

“अगं पुष्पे! भाईर ये गं बाई!”

रंभाजीची लेक पुष्पावती पिठाच्या हातांनीच दारात आली. भल्या पहाटे, निरोप नाही की काही नाही, बाप एकटा अंगणात उभा. तिने बापाकडे एकदाच बघितलं. “आई गं!” म्हणून तिने जो हंबरडा फोडला, तो अख्ख्या आळीने ऐकला.

“अगं कुनी मेलं न्हाई!” रंभाजी ओरडला. पण ऐकतंय कोण? पुष्पावती उंबऱ्यात बसून कपाळ बडवून घेत होती. रतनबाईंनी तिला कवेत धरून स्वतःही सूर लावला होता. शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून धावत आल्या, आणि त्यातल्या एका म्हातारीने रंभाजीच्या जवळ येऊन हळूच विचारलं, “कवा गेल्या वो? लई दिस आजारी हुत्या का?”

“चुलीपाशी भाकरी थापत असंल ती!” रंभाजी कडाडला. “धडधाकट हाय माझी बायकू!”

रडणं थांबलं. सगळ्या त्याच्याकडे बघू लागल्या. पुष्पावतीने पिठाच्या हातांनी डोळे पुसले.

“मग तात्या, तुमी आलात कशापायी?”

आता मात्र रंभाजीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. “ट्रॅक्टर बघाया,” तो पुटपुटला. “जरा... गार हाय तवर बघावा म्हनलं.”

“ट्रॅक्टर?” पुष्पावती उठून उभी राहिली. “माझा जीव गेल्ता आत्ता, तात्या! आई गेली म्हनून मी हितं ऊर बडवून घेतलं, आन् तुमी इंजन बघाया आलाव?”

तिचं खरं होतं.  एवढ्यात टॉवेलने तोंड पुसत आप्पासाहेब बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चेहरा दगडासारखा.

“बघा की,” ते म्हणाले. “गारच हाय.”

ट्रॅक्टर दारात नव्हता. मारुतीच्या देवळामागे रस्त्याकडे मोठा उतार होता, त्या उताराच्या डोक्यावर, चाकांना दगड लावून उभा होता. तो तिथे उभा पाहिल्यावरच रंभाजीला निम्मं कळलं. सरळ सुरू होणारं यंत्र कुणी उतारावर ठेवत नाही. त्याने इंजिनावर हात ठेवला. गार होतं. दोन हेलपाटे घालून जे मिळालं नव्हतं ते हाताखाली होतं, आणि त्याला काडीचाही आनंद झाला नाही.

आप्पासाहेब वर बसले. बटण दाबलं. इंजिन घरघरलं, खोकलं आणि थांबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग ते कुणाकडेही न बघता म्हणाले, “दगडं काढा.”

कुणाला जास्त सांगावं लागलं नाही. रतनबाईंनी पदर खोचला. शेजारचे दोघेजण आले. आणि पुष्पावती, आत्ता रडून डोळे सुजलेली त्याची लेक, मुकाट्याने मागच्या डाव्या चाकाजवळ गेली, वरच्या पत्र्याला दोन्ही हात लावले, पाय मागे रोवले आणि मान खाली घातली. रोजचं काम असल्यासारखी. जावई नगरला नोकरीला, घरात दुसरा गडी नाही. रंभाजीने तिला लग्नाआधी पाण्याची मोठी घागरसुद्धा उचलू दिली नव्हती.

ट्रॅक्टर हलला, उताराला लागला, अर्ध्यावर धडपडत सुरू झाला आणि निळ्या धुराने देऊळ दिसेनासं झालं. खाली रस्त्यावर जाऊन तो आडवा थांबला. सगळे धापा टाकत मागोमाग आले.

“झाला चालू!” आप्पासाहेब इंजिनाच्या वरताण ओरडले. “मग? कसा वाटतो पाव्हनं?”

आणि रंभाजीच्या तोंडातून, सवयीने, आपसूक निघून गेलं, “बरा हाय.”

“तात्या, घिऊ नका,” पुष्पावती म्हणाली.

 रतनबाईंनी सुनेकडे वळून पाहिलं. “कुनाच्या घरात खातीस गं तू?”

रंभाजीला कळून चुकलं. आता नको म्हटलं की झालंच, सुनेने सौदा मोडला असं हे घर जन्मभर म्हणणार. त्या एका क्षणात त्याला स्वतःचाच भयंकर संताप आला, रश्शाची तारीफ करणाऱ्या स्वतःच्या तोंडाचा. तो तरातरा पुढे गेला आणि तेल भरायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं. आतून भसाभसा धूर आला, तेलाचे थेंब त्याच्या सदऱ्यावर उडाले.

“हे बघा,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. “पिस्टनच्या रिंगा गेल्यात. दम न्हाई ऱ्हायला ह्याच्यात. पोरीनं सांगाया कशाला पायजे? पयल्या दिशी हात भाजला तवाच मला वास आल्ता!”

आप्पासाहेबांनी इंजिन बंद केलं. 

“मग तवाच का बोल्ला न्हाई?”

“पोर दिलीय तुमच्या घरात.”

आप्पासाहेब खाली उतरले. हातातल्या टॉवेलाला पीळ देऊ लागले.

“आन् मला काय हौस हुती?” ते म्हणाले. “नगरचा भंगारवाला भाव बोलून गेल्ता. तवर इहीनबाईंचा निरोप आला. मुलीचा बाप मागतोय म्हनल्यावर न्हाई कसं म्हनू? खराब हाय म्हनलं असतं, तर तुमीच म्हनला असता, द्यायचा न्हाई म्हनून सांगत्यात.” त्यांनी मान वळवली. “तुमी यायच्या आधी चालू करून ठिवायचो त्ये फशिवन्यासाठी न्हाई. तुमच्या म्होरं तुमच्या लेकीला ढकलाया लावू का?”

हे खरं की खोटं, रंभाजीला कळेना. इंजिनाचं कळतं, माणसाचं कुठल्या झाकणातून बघायचं? पण शेवटचं वाक्य त्याच्या कानात जाऊन रुतलं, आणि व्याह्याशी आजवर कधी बोलला नव्हता असं तो बोलला.

“म्हंजी माझ्या माघारी ढकलली तर चालतंय?”

आप्पासाहेबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. रतनबाई खाली बघू लागल्या.

“न्हाई चालत,” आप्पासाहेब अगदी हळू म्हणाले.

तेवढ्यात वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. ट्रॅक्टर बंद होऊन रस्त्यात आडवा, इंजिन अजून नीट तापलंही नव्हतं, आणि पुढे उतार काही उरला नव्हता. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देऊ लागला. पुष्पावती पदर खोचून मागच्या चाकाकडे निघाली.

“तू न्हाई!” दोघे व्याही एकदमच ओरडले, आणि एकमेकांकडे न बघता दोन बाजूंनी ट्रॅक्टर ढकलू लागले.