पिळायची टाकी

"थांबल्यासारखी दिसली तरी ही टाकी थांबलेली नसतीय, बाई. आवाज गेला म्हणून हात घालू नका. आन आमच्या शरणक्काला तेवढं सांगा. फिरत्याला हात लावायची सवय हाय तिला."

तिप्पण्णा फिटरनं हे मला चौऱ्याहत्तरच्या भाद्रपदात सांगितलं, आमच्या मागच्या पडवीत उभं राहून, तुटलेली तार माझ्यापुढे धरून. मी "हो, हो" म्हटलं. नीलू कडेवर होती, पाच महिन्यांची. माझं सगळं लक्ष त्याच्या तेलकट बोटांकडे होतं. ती तिच्या दुपट्याला लागू नयेत एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ते मशीन माझ्याच हट्टानं घरात आलं होतं. ह्यांचे मामा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात आहेत. तिथल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांच्या बाईंनी ते विकायला काढलं. विलायती, पंधरा वर्षं जुनं, सायीच्या रंगाचं, कोपऱ्यांना गंज चढलेलं. शेजारी शेजारी दोन टाक्या. एक रुंद, धुवायची. दुसरी अरुंद आणि उभी, पिळायची. तिच्या आत भोकाभोकांचा डबा. धुतलेले कपडे हातानं उचलून त्या डब्यात टाकायचे, झाकण लावायचं, वेळेची चावी फिरवायची. मग तो डबा असा काही गरगरायचा की फडताळातल्या वाट्या वाजायच्या.

नीलूला तिसऱ्या महिन्यात अंगभर फोड आले होते. डॉक्टर म्हणाले, लंगोट स्वच्छ आणि खडखडीत कोरडे पाहिजेत. ते एवढंच म्हणाले. बाकीचं मी मनानं जोडलं. ज्या दगडावर शरणम्मा आमचं धुणं आपटायची, तो दगड मला रात्रंदिवस जंतूंनी वळवळताना दिसायला लागला.

शरणम्मा आमच्याकडे धुणंभांडी करायची. पन्नाशीची, नवरा नाही. अठरा वर्षं सूतमिलच्या वायंडिंग खात्यात, कांड्यांवर धागा गुंडाळण्यात काढलेली, मग मिलनं माणसं कमी केली त्यात गेलेली. सकाळी आमचं काम, दुपारी घरी कडक भाकरी भाजून सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या एका दुकानाला द्यायची. त्या भाकरीवर तिचं खरं पोट होतं.

मशीन हातगाडीवरून उतरलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काय ओ बाई, आमच्या हाताला काय किडं पडलं व्हय?"

"तसं नाही शरणम्मा. तुमचा त्रास वाचेल."

"तरास वाचंल की. आन मी? मी काय करू, हिच्याकडं बघत बसू?" मग स्वतःच हसली. "असू द्या. सवत म्हनायचं आन नांदायचं."

तेव्हापासून ते मशीन सवत झालं. "आली का सवत न्हाऊन?" असं विचारत ती रोज मागच्या दारानं यायची. लंगोट, दुपटी मशीनकडे गेली, बाकी काम तिच्याकडे राहिलं. मशीन कुरकुरायला लागलं तेव्हा फिटर शोधून आणला तोही तिनंच. तिप्पण्णा तिच्या माहेरच्या गावचा, मिलमध्ये दुसऱ्या पाळीला. तिला अक्का म्हणायचा, दर नागपंचमीला तिच्याकडे जेवायला जायचा. त्यानं पट्टा बदलला, गळती थांबवली, आणि महिनाभर सगळं ठीक चाललं.

काम आटोपलं की शरणम्मा नीलूपुढे बसायची. पितळी वाटी कडेवर उभी करून गर्रकन फिरवायची. वाटी गुणगुणत फिरायची आणि नेमकी वेळ साधून ती वरून तळवा ठेवायची. थप्प. वाटी गप्प. नीलू खिदळायची.

"मिलमदी अशाच कांड्या असायच्या, बाई. धागा तुटला की फिरती कांडी तळव्यानं धरायची, गाठ मारायची, सोडायची. मिशन बंद केलेलं मुकादमाला खपायचं न्हाय."

मी ऐकत होते आणि विचार करत होते की ही वाटी आता उकळून घ्यावी लागेल.

मग ती तार तुटली. झाकण उचललं की तार ओढली जायची आणि ब्रेक डब्याला आवळून धरायचा. आता झाकण उघडलं तरी डबा आपल्या मनानं फिरत राहणार होता, मोटर बंद झाल्यावरसुद्धा. "सायकलची तार ह्या मापाची मिळंना," तिप्पण्णा म्हणाला. "मिलच्या स्टोअरात बघतो. आठ दिवस द्या. तवर पिळायची टाकी नगाच वापरू."

आठ दिवस! मी दुसऱ्याच दिवशी वापरली. नीलूसाठी मात्र सगळं केलं. पडवीच्या दाराला वरून कडी बसवून घेतली, न रांगणाऱ्या मुलीसाठी. शरणम्माला सांगितलं नाही. विसरले असते तर बरं झालं असतं. दोनदा तोंडाशी आलं होतं. पण ज्या मशीननं तिच्या हातचं काम काढून घेतलं, ते धड नाही, त्याच्यापासून जपून राहा, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? ती हसली असती. "सवत चावती व्हय?" म्हणाली असती. ते हसणं मला नको होतं.

चौथ्या दिवशी नीलूचं पोट बिघडलेलं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला मी अकरा लंगोट टाकीत टाकले, चावी फिरवली आणि ती रडायला लागली म्हणून आत जाऊन तिला पाजायला घेतलं. मागे घरघर चालू होती. मग चावी संपल्याचा टक् आवाज आला आणि घरघर बंद झाली. डबा अजून फिरत असणार हे मला माहीत होतं. मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. जडत्वाचा नियम मी परीक्षेत उदाहरणासकट लिहिलेला आहे. मनात म्हटलं, थांबेल दोन-तीन मिनिटांत.

मागून शरणम्माचा आवाज आला. रोजच्यासारखा, हळू.

"बाई, जरा येता का?"

"पाजतेय. आले."

थोड्या वेळानं परत. "बाई, जरा येता का?"

नीलूचे डोळे मिटायला लागले होते. मी तिला दुसऱ्या बाजूला घेतलं. ती पूर्ण झोपल्यावर पाळण्यात ठेवलं, मच्छरदाणी खोचली, आणि मग गेले.

शरणम्मा टाकीवर वाकून उभी होती. उजवा हात कोपरापर्यंत आत. लंगोटाच्या नाड्या मी मुद्दाम लांब शिवल्या होत्या, गाठ सुटू नये म्हणून. त्यातल्या तीन-चार तिच्या अंगठ्याला आणि बोटांना पीळ घालून बसल्या होत्या. डबा थांबला होता. तिच्या हातानं थांबवला होता. तोंडाचा रंग राखेसारखा.

"पोरीला कोरडा लंगोट द्यावा म्हटलं," ती म्हणाली.

मी कात्री आणली. नाड्या कापता कापता ओरडले, "तुम्ही हाक का नाही मारलीत मोठ्यानं?"

"पोरगी झोपंला आली असंल की."

मी शेजारच्या बजाबाईंना नीलूजवळ बसवलं आणि टांगा केला. शरणम्माचा हात माझ्या पदरात गुंडाळलेला होता. सात रस्त्यावर टांगा गर्दीत अडकला. समोरच तिचं भाकरीचं दुकान. ती त्या दुकानाकडे बघत होती. तिकडे बघतच तिनं विचारलं,

"बाई, आमचा तिप्पण्णा काय बोलला न्हवता ओ? ब्रेक तुटलाय म्हनून?"

मी म्हटलं, "नाही. काहीच बोलला नव्हता."

इतकं सोपं होतं ते. घोडं पुढं निघालं.

दवाखान्यात तिनं नळावर पाय घसरून पडले असं सांगितलं. मला सांभाळून घेतलं. मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते आणि तिला दुरुस्त केलं नाही. मोडलेली दोन बोटं जुळली. अंगठा जुळला नाही, तो काठीसारखा ताठ राहिला. भाकरी थापायला एक हात थापतो आणि दुसरा फिरवतो. तिचा थापणारा हात गेला.

आठव्या दिवशी तिप्पण्णा तार घेऊन आला, कबूल केल्याप्रमाणे. बसवली. डबा फिरवून झाकण उचललं. डबा जागच्या जागी गच्च उभा राहिला. हात पुसत म्हणाला, "शरणक्का मला दारात उभं करंना, बाई. म्हनती, तू सांगितलं असतंस तर माझा हात ऱ्हायला असता. तुमी तिला बोलला न्हवता?"

"चहा ठेवते," मी म्हटलं.

 त्यानं पान्हे पिशवीत भरले. "चहा नगं," म्हणाला आणि गेला. परत आला नाही.

दिवाळीत शरणम्माची मुलगी महानंदा तिला टेंभुर्णीला घेऊन गेली. जावयाची तिथं खाणावळ आहे. जाण्याआधी शरणम्मा नीलूला भेटायला आली. डाव्या हातानं वाटी फिरवली, डाव्या तळव्यानं थांबवली. शब्द माझ्या तोंडात आलेले होते. "येते बाई," ती म्हणाली. मी म्हटलं, "या."

ह्याला आता तीन वर्षं होतील. मशीन मागे तसंच आहे, चादर टाकून. त्याची वायर मी कापून टाकली आहे. तरी सकाळी अकराला घरातले सगळे आवाज एकदम थांबतात आणि त्या थांबण्यात मला ऐकू येतं, "बाई, जरा येता का?" मी हातातलं टाकून धावते. पडवीत कुणी नसतं. हे म्हणतात, झालं गेलं, तू उगाच घेऊन बसतेस. पण गेल्या आठवड्यात नीलू जमिनीवर बसून वाटी फिरवत होती. थप्प करून तळवा ठेवला, तो तसाच दाबून धरला, मागच्या दाराकडे मान वळवली आणि हळू म्हणाली, "जरा येता का?" कदाचित झोपेत मीच बडबडत असेन. मी विचारलं, "कुणाला बोलावतेस गं?" ती म्हणाली, "अम्मा." मला ती आई म्हणते. शरणम्मा तिला आठवणं शक्य नाही.

मी एकदा गेले होते. एस.टी.नं टेंभुर्णीला उतरले, खाणावळीसमोर रस्त्याच्या अलीकडे उभी राहिले. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. ती थापत होती की महानंदा, ते दिसत नव्हतं. रस्ता ओलांडायला दहा पावलं. परतीची गाडी आली आणि मी चढले. पुन्हा गेले तर पुन्हा अलीकडेच उभी राहीन, हे मी आता ओळखून आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. पुण्याकडे जाता-येता तुमची गाडी टेंभुर्णीला थांबेल. स्टँडच्या समोरच, महानंदाची खाणावळ कुणीही दाखवेल. आत जा. चुलीपाशी कोण बसलंय बघा. शरणम्मा असेल तर तिचा उजवा अंगठा थोडा तरी वाकतो का, ते बघा. आणि तिला एवढं सांगा, तिप्पण्णा बोलला होता. चार दिवस आधी बोलला होता. सोलापूरच्या बाईनं स्वतः सांगितलंय म्हणा.