नऊ नंबर बोलतेय

तुमच्या दारावरचा आकडा तुम्ही कधी हाताने चाचपून पाहिला आहे का? नसेल पाहिला. डोळे चांगले असले की तशी वेळ येत नाही. मी डोंगयांग गावातली घराची पाटी, नंबर नऊ. निळा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला पांढरा आकडा. पन्नास वर्षं मी खामफोंगआजीच्या फाटकाच्या खांबावर होते. अलीकडे तिला दिसेनासं झालं. देवळातून परतताना ती खांब चाचपायची, माझ्या नवावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "आलं बाई घर."

आमच्या गावात आकड्यांची रीत साधी होती. जो घर बांधील, त्याने कचेरीत जावं आणि पुढचा आकडा घेऊन यावं. त्यामुळे आठ नंबर तळ्यापाशी, मी गावाच्या दुसऱ्या टोकाला बांबूच्या बेटात आणि दहा नंबर देवळाला लागून. आकड्यावरून घराचं वय कळायचं, ठिकाण नाही. ठिकाण विचारावं लागायचं. विचारणाऱ्याला लोक आधी जेवायला बसवत, मग घर दाखवत. कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार नवे सरपंच विचिआन यांची होती. त्यांच्या घराचा नंबर त्रेसष्ट. आमच्या भाषेत 'नऊ' आणि 'पुढे जाणे' यांचा उच्चार जवळजवळ सारखाच आहे, म्हणून नवाला फार मान. सरपंच सभेत म्हणाले, "पाहुण्यांचे हाल होतात. आता देवळापासून ओळीने नंबर."

ओळीने मोजलं तर सरपंचांचं घर अकरावं आलं. ते दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की तिसऱ्या घरापुढची दोन घरं ही खरं तर वेगळी घरं नाहीतच. त्यांना तीन-एक आणि तीन-दोन असे पोटनंबर मिळाले. तिसऱ्या घराशी त्या दोघांचा एका बदकावरून सात वर्षांचा अबोला होता. आता कागदोपत्री तिघं एक कुटुंब झाले आणि सरपंच आपसूक नऊ झाले.

नवी पाटी मात्र त्यांना नको होती. "नवी पाटी कच्ची," ते म्हणाले. "ह्या नवाच्या घराला पन्नास वर्षांत ना आग लागली, ना चोरी झाली. हा पिकलेला नऊ आहे."

मला काढायला ते स्वतः आले. आजी पायरीवर टोपली विणत होती.

"आजी, तुम्हाला एक्केचाळीस दिलाय. चांगला आकडा आहे."

"चांगला आहे तर तूच ठेव की, बाळा."

"गावासाठी थोडं पुढे जावं लागतं, आजी."

"मग जा ना पुढे. माझा खांब सोड."

पण त्यांनी मला काढलंच. आजीला छापील सपाट पाटी मिळाली. बोट फिरवलं तर हाताला काहीच लागत नव्हतं. त्या आठवड्यात ती दोनदा शेजाऱ्याच्या गोठ्यात शिरली.

सरपंचांच्या दारावर माझी प्रतिष्ठापना नऊ वाजून नऊ मिनिटांनी, नऊ भिक्षूंच्या हस्ते झाली. इतकं पाणी शिंपडलं, की माझ्या एका भोकाशी गंज धरला. सरपंच येता-जाता माझ्याकडे पाहून मान हलवत. मला त्यांचा राग येत नसे. माणसाला आपण कोण आहोत हे दारावर लिहिलेलं लागतं, त्याला कोण काय करणार?

महिन्याभराने प्रासित पोस्टमन सायकलवरून पत्र घेऊन आले. सरपंचांची बायको बुआलाय अंगणात मिरच्या वाळवत होती.

"वहिनी, नाव बदललंत का?"

"नाही बाई. का?"

"पत्र नऊ नंबरचं आहे, नाव खामफोंग. नावं काय, लोक ज्योतिषाला विचारून दर दोन वर्षांनी बदलतात. मी आकडा बघतो. आकडा सरकारी असतो."

पत्र जिल्ह्याच्या इस्पितळाचं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी उद्या सकाळी सहाला गाडी येईल, रोग्याने घर नंबर नऊच्या दारात थांबावं. न सापडल्यास पाळी पुढच्या वर्षी.

बुआलायने ते नवऱ्याला वाचून दाखवलं. "आत्ताच नेऊन देते."

"थांब," सरपंच म्हणाले. "नव्या नंबरांना कचेरीची मंजुरी सोमवारी यायची आहे. गाडी बांबूच्या बेटात गेली, ड्रायव्हर नऊ शोधत बसला, तर बोभाटा होईल आणि मंजुरी अडकेल."

"मग म्हातारीच्या डोळ्यांचं काय?"

"सोमवारपर्यंत नऊ नंबरच्या घरात कुणी आजारी नाही."

"वर्ष जाईल तिचं."

"तिला सवय झालीय आता."

बुआलायने मिरच्या सुपात भरल्या, आत गेली आणि पक्कड घेऊन आली. सरपंच म्हणाले, "अगं, भिक्षूंनी मंत्र म्हटलेत त्या पाटीवर."

"मंत्र खिळ्यांवर म्हटले नव्हते ना? मग निघतील."

दोन खिळे निघाले, तिसऱ्यापाशी माझा कोपरा वाकला. ऊन कलायच्या आत तिने मला न झाकता, भर रस्त्याने हातात धरून नेलं. बदकवाली तिन्ही घरं दारात येऊन बघत होती. आजीच्या खांबाला तिने मला वेताने घट्ट बांधलं आणि पत्र मोठ्याने दोनदा वाचलं.

"उपाशीपोटी थांबायचंय, आजी. चिकट भाताचा घाससुद्धा नको."

"तुझा नवरा रागावेल, पोरी."

"रागावू दे. त्रेसष्ट नंबरच्या घरात बसून रागावेल."

माझं मागणं एवढंच आहे: आकडा हवा तर घ्या, पण आधी बघा, त्याच्यापाशी कोण वाट पाहत उभं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला इस्पितळाची गाडी गावात तीनदा चुकली, पावणेसातला बांबूच्या बेटाशी येऊन थांबली आणि खामफोंगआजी तिच्यात बसून गेली.