मागचं डावं चाक

पहिली लाथ मारली तशी माझीच टाच झिणझिणली. चाक जागचं हललं नाही. सगळे नट काढून मी रुमालात बांधले होते, म्हणजे त्याला धरून ठेवायला आता काहीसुद्धा नव्हतं. तरी ते गाडीला असं चिकटून बसलं होतं, जसं जत्रेत रुसलेलं पोर आईच्या कमरेला.

दुसरी लाथ मारली तेव्हा जॅकवरची अख्खी जीप डुलली. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोरी घाबरून मागं सरल्या.

"काकू, पडंल ना गाडी," लुंबिनी म्हणाली.

बरोबर होतं तिचं. माझ्या नवऱ्यानं, विनोदनं, मला गाडी शिकवताना पहिली गोष्ट हीच सांगितली होती की जॅकवर उभ्या गाडीला हिसका द्यायचा नाही. पण राग आला की मला शिकवलेलं आठवत नाही, लाथ आधी जाते. माझा स्वभावच तसला आहे आणि आता ह्या वयात तो काही बदलायचा नाही.

"निघंना का हो काकू?" तनुजा विचारत होती. तिचं एक लक्ष चाकाकडं आणि एक हातातल्या घड्याळाकडं.

"न निघून सांगतंय कुणाला?" मी म्हणाले.

त्या दिवशी दहावीचा गणिताचा पेपर होता. आमच्या गावच्या पोरींचं केंद्र औशाला, आणि गावात येणारी एसटी पेपर सुरू झाल्यावर येणार. म्हणून घराघरातल्या बापांनी पोरी माझ्या जीपच्या हवाली केल्या होत्या. बाई चालवते म्हणून काहींनी भरवशानं दिल्या, काहींनी त्याच कारणानं कुरकुरत दिल्या. साडेदहाला केंद्राचं गेट बंद होणार होतं. एका जरी पोरीचं वर्ष बुडालं असतं, तरी परत कुणी माझ्या गाडीत पोर बसवलं नसतं. आणि बसवूही नये, असं मलाच वाटलं असतं.

ही जीप तशी विनोदची. कितीतरी वर्षं त्यानं ती औसा-लातूर लाइनीवर हाकली. मग साखरेनं त्याचे डोळे धरले. "अंधुक दिसतंय, बाकी कायबी न्हाई," असं तो म्हणायचा. एके दिवशी त्यानं किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि आमच्या वस्तीमागच्या माळावर मला गिअर टाकायला शिकवलं. स्टँडवरचे लोक आधी हसले. नंतर हसायचे थांबले, कारण माझी गाडी वेळेवर निघायची आणि मी कुणाचं ऐकून घ्यायची नाही.

एवढ्यात मागून मोटारसायकल आली. तनुजाचे वडील, अण्णाराव. ते येणारच होते. त्यांचं शेत आमच्या वस्तीला लागून आहे, बोलायला माणूस गोड, पण माझ्या जीपमध्ये ते कधी बसले नाहीत. औशाला जायचं असलं तर मोटारसायकल काढून जीपच्या मागं मागं यायचे. लेकीला मात्र बसवत, कारण दुसरी सोय नव्हती. का बसत नाहीत, हे मी कधी विचारलं नाही. गावात असले प्रश्न विचारत नसतात, उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

"काय झालं, पंचशीलाबाई?"

"पंक्चर झालं. स्टेपनी हाय, पण हे चाकच सुटंना."

त्यांनी घड्याळ बघितलं आणि मोटारसायकल बंदसुद्धा केली नाही. "तनुजा, बस मागं. तुला सोडून येतो."

मला राग आला नाही. बाप आहे तो, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. तनुजानं पॅड छातीशी धरलं आणि जागची हलली नाही.

"आन् ह्या?"

"ह्यांचं बघतील की बाई."

"मग माझंबी बघतील. मी ह्यांच्यासंगं जाईन, अप्पा."

"येडी झालीस का? वर्ष जाईल तुजं."

"ह्यांचंबी वर्षच हाय की."

अण्णारावांनी माझ्याकडं बघितलं, जणू मीच तिला पढवलं होतं. मला मात्र त्या पोरीचा असा अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी येतंय की काय असं झालं. मी ते येऊ दिलं नाही. रडायला वेळ कुठं होता?

आणि तिथंच मला सुचलं. म्हणजे विनोदच कधीतरी बोलून गेला होता, की हट्टी चाकाशी हातानं भांडू नये, गाडीलाच भांडू द्यावं.

मी रुमाल सोडला आणि नट परत लावायला बसले.

"अगं बाई, परत कामून लावायल्या?" लुंबिनी म्हणाली.

"गप ऱ्हा. बघ नुसती."

नट लावले, पण आवळले नाहीत. दोन-तीन आटे ढिलेच ठेवले, चाकाला हलायला जागा राहील आणि निसटून जाणार नाही इतपत. जॅक उतरवला. बसलेल्या टायरवर गाडीचा सगळा भार आला.

"बसा सगळ्या. डाव्या अंगाला बसा, दाटीवाटीनं."

पोरी बसल्या. मी स्टिअरिंगवर बसून गाडी हातभर पुढं घेतली आणि कचकन ब्रेक मारला. मागं घेतली, परत ब्रेक. पोरी एकमेकींवर आपटत होत्या आणि पेपर विसरून खिदळत होत्या. चाक मात्र ढिम्म.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अण्णाराव, तुम्हीबी बसा."

"मी?"

"हाव, तुम्हीच. ह्या सगळ्या मिळून वाळल्या पाचोळ्यावानी हैत. मला वजन पायजे."

त्यांनी जीपकडं बघितलं. आरशाला बांधलेला निळा झेंडा, पुढं काचेपाशी ठेवलेली बुद्धाची मूर्ती, सगळं बघितलं. मग लेकीकडं बघितलं. तनुजा सरकली आणि तिनं बाजूला जागा करून दिली. अण्णारावांनी मोटारसायकल स्टँडवर लावली, धोतर सावरलं आणि मागच्या दारातून वर चढले. जीप त्यांच्या बाजूला चांगलीच कलली.

पुढं. ब्रेक. मागं. ब्रेक. परत पुढं घेतली आणि सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला. मागून कडाड् असा आवाज झाला. मला तो कानापेक्षा कमरेत जास्त कळला.

"सुटलं," मी म्हणाले.

सगळ्यांना खाली उतरवून परत जॅक लावला, नट काढले. चाक तव्यावरच्या भाकरीसारखं अलगद हातात आलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. अण्णाराव म्हणाले, "वा, बाई, मानलं." मी चाकामागचा, ब्रेकचा ड्रम बघत होते.

सगळा निळा होता. गेल्या एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीला जीप पुढं असणार म्हणून विनोदनं चारही चाकं स्वतः काढून ऑइलपेंटनं रंगवली होती. मी तेव्हा विहारात खिरीच्या पातेल्यापाशी होते. परत आले तर चाकं अशी चमकत होती की मी त्याला सगळ्यांच्या देखत शाबासकी दिली. आता बघते तर चाक जिथं टेकतं तिथं रंगाचा जाड थर, बोल्टांच्या आट्यांत रंग, आतल्या लोखंडावर ओघळ. ओल्यातच चाक बसवलेलं, म्हणून ते डिंकासारखं धरून बसलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर चाकं काढली आणि घातली, तो हे डोळ्यांनी बघून करणार नाही. त्यानं ते चाचपून केलं होतं. अंधुक नाही, त्याला तेव्हाही दिसत नव्हतं.

"काकू, टाइम," तनुजा म्हणाली.

मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि टेकायची जागा भराभरा खरवडली. निळे टवके मातीत पडत होते. माझा हात कुठंच थांबला नाही, एवढं मी स्वतःविषयी सांगू शकते. अण्णारावांनी स्टेपनी उचलून धरली, मी नट लावले आणि आवळले.

"मी पुढं होतो, गेट धरून ठेवतो," म्हणत ते मोटारसायकलवर सुसाट गेले.

औशाला पोचलो तेव्हा ते खरोखरच गेटमध्ये उभे होते, एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि शिपायाशी हुज्जत घालत होते. पोरी उतरून पळाल्या. शेवटची तनुजा आत गेली आणि मागं गेट लागलं. मी जीपला टेकले.

अण्णारावांनी टपरीवरून दोन चहा आणले. एक माझ्या हातात दिला आणि जीपच्या पुढच्या सीटकडं बोट केलं.

"बसू का?"

"बसा की. कोण न्हाई म्हणतंय?"

ते आत बसले, मूर्तीला धक्का लागू नये म्हणून जरा आखडूनच, आणि चहा पिऊ लागले. एवढ्यात फोन वाजला, तो मी बाजूला जाऊन उचलला. विनोदचाच होता.

"पोचल्या का पोरी?"

"पोचल्या. टायमात."

"मगाधरनं फोन उचलंनास ते?"

"पंक्चर झालं होतं. मागलं डावं."

"चाक निघालं का सुदं?"

"चिकटलं होतं. काढलं."

"कुणी?"

"मी. दुसरं कोण हाय हितं?"

तो हळूच म्हणाला, "आतून रंग लागलाय का गं?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्याशी मी कधी खोटं बोलले नाही. "लागलाय. ड्रमला, बोल्टाला, समद्याला."

"मला दिसलंच न्हाई, शीला. तवाच दिसंनासं झालं होतं. तुला सांगवलं न्हाई मला."

रस्त्यावर उभं राहून बायका रडतात तसं मला रडायचं नव्हतं, आणि ह्या माणसाची कीव तर मुळीच करायची नव्हती. त्याच्याचमुळं मी तिथं उभी होते.

"ऐका," मी म्हणाले. "यंदाच्या जयंतीला चारी चाकं मी काढून देते. रंग तुम्हीच लावायचा. कुठं लावायचा न्हाई, तिथं मी आधी कागद चिकटवून ठेवते."

त्यानं घसा खाकरला, आणि आवाज निघाला तो जुना, स्टँडवरच्या ड्रायव्हरचा.

"नट आवळलेस का बराबर? नवं चाक थोडं पळलं की ढिलं पडतं. निघायच्या आधी परत एकदा आवळ."

"हाव," मी म्हणाले.

पाना घेतला, मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवी बसले आणि अण्णाराव आत चहा पीत असतानाच एकेक नट परत आवळत गेले.