न पाहिलेला भूतकाळ

चिंतामणी सरांनी फळ्यावर ‘पपात’ लिहिलं आणि हातावरची खडूची पूड झटकली. संस्कृत एम. ए.च्या वर्गात आज एकटी अपेक्षा होती. बाकीचे सुट्टीला गेले होते. तिचं तर कॉलेजच सुटणार होतं. वसतिगृहातली खोली रिकामी करून तिचा भाऊ उदयसिंह खाली जीपमध्ये सामान चढवत होता. जाण्याआधी एक तास घ्या, असं तिनंच येऊन सांगितलं होतं.

“ग्रीकांचा भूतकाळ आणि आपला संस्कृतातला, दोघं एकाच घरातले,” सर म्हणाले. “घटना चालू असताना तिच्या आत उभं राहून बघायचं, का झालं-संपलं म्हणून बाहेरून सांगायचं, हे ग्रीक आधी ठरवतात. आपले व्याकरणकार आणखी एक विचारतात. तू ते पाहिलंस का? पाहिलं नसेल तर ‘पपात’. पडला, असं कळलं. डोळ्यांदेखत घडलं असेल तर ‘अपतत्’. कर बघू एक वाक्य.”

अपेक्षा उभी राहिली.

“भ्रातृजाया जले अपतत्.”

वहिनी पाण्यात पडली. सर चपापले. गेल्याच महिन्यात तिची वहिनी, महेश्वरी, उजनी धरणाच्या पाण्यात बुडाली होती. पंप सुरू करायला गेली आणि पाय घसरला, असं सगळ्यांनी ऐकलं होतं. शिकवायला दुसरा धातू घेतला असता तर बरं झालं असतं.

“वाक्य बरोबर आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण तू तिथं नव्हतीस ना? मग ‘पपात’ म्हणावं लागेल.”

“होते.”

“पोलिसांना तर तू...”

“स्वैपाकघरात होते म्हणून सांगितलं. तसंच सांग म्हणाले घरचे.” तिनं ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं. “मी पंपाच्या खोलीमागं होते, सर.”

खाली जीपचा मागचा फाळका धाडकन बंद झाला. सरांनी फडकं घेऊन ‘पपात’ पुसलं आणि त्या जागी ‘अपतत्’ लिहिलं. एवढंच काय ते आपल्या हातात, असं त्यांना वाटलं. अपेक्षा पुढं आली. त्यांच्या हातातला खडू तिनं घेतला, पण बराच वेळ तो फळ्याला टेकवला नाही. मग सरांनी लिहिलेल्या शब्दाखाली तिनं दुसरा लिहिला.

अपात्यत.

सरांनी तो वाचला. पुन्हा वाचला. वर्षानुवर्षं पेपर तपासलेल्या डोळ्यांनी आधी चूक शोधली. चूक नव्हती. पडली नाही. पाडली गेली.

“कर्मणी प्रयोगात कर्ता...” सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं आणि ते थांबले.

अपेक्षानं खिडकीतून खाली पाहिलं. उदयसिंह जीपला टेकून कुणाशी तरी फोनवर हसत बोलत होता.

“दादानं,” ती म्हणाली. “झालं म्हणून संपत न्हाय, सर. डोळे मिटले की चालूच असतंय.”

सर खुर्चीत बसले. दोन वर्षांत ते निवृत्त होणार होते. आयुष्यात त्यांनी कुणाशी चढ्या आवाजात भांडण केलं नव्हतं. उदयसिंहाची तालुक्यात ऊठबस कुणाकुणात आहे, तेही त्यांना माहीत होतं.

“आणखी कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच न्हाय. मराठीत तोंडातनं शब्दच फुटंना.”

“आणि आज घरी गेलीस तर?”

खडू तिच्या मुठीत मोडला.

सरांनी खिशातून मोबाइल काढला. चष्मा कपाळावर सरकवून बायकोचा नंबर लावला.

“शकुंतला, आज जेवायला माझी एक विद्यार्थिनी आहे. हो, राहायलापण. आणि तुझ्या भावाला बोलावून घे. नाही, सहज नव्हे. वकील म्हणून ये म्हणावं. आत्ताच.”

जिन्यावर बुटांचा आवाज आला. सर उठले. टेबलामागची खुर्ची त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, धापा टाकत दारापर्यंत नेली आणि बरोबर उंबऱ्यावर ठेवून तिच्यात बसले.

उदयसिंह वर आला. खुर्ची बघून थबकला.

“काय सर, वारं खाताय व्हय?” तो हसला. “झाला का तास? लई लांब जायचंय आमाला. अपेक्षा, चल गं.”

“तास चालू आहे,” सर म्हणाले.

“किती वेळ?”

“सांगता येत नाही.” सरांनी जिन्याकडे बोट केलं. “तुम्ही खाली थांबा. नाहीतर थांबूही नका.”

उदयसिंहाचं हसू विरलं. सरांच्या डोक्यावरून त्यानं आत नजर टाकली, फळ्यावरून फिरवली आणि बहिणीवर आणून ठेवली. अपेक्षा जागची हलली नाही.

“सर, उठा,” तो म्हणाला.

चिंतामणी सरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.